डाग कसला, हे आधी ठरू द्या

औषधांच्या कुठल्याही दुकानात संध्याकाळच्या गर्दीत थोडा वेळ उभे राहिले की हा संवाद कानावर पडतो. "दादा, वांगावर काहीतरी द्या ना." बाईचा आवाज जरा दबलेला असतो. काउंटरवरचा माणूस तिच्या चेहऱ्याकडे ओझरते बघतो, मागच्या खणातून बोटभर लांबीची एक ट्यूब काढतो आणि सांगतो, "रात्री झोपताना लावा, आठ-दहा दिवसांत फरक पडेल." फरक पडतोही. म्हणून ती ट्यूब संपली की दुसरी येते, मग तिसरी. पुढे जावेला, बहिणीला, कॉलेजात जाणाऱ्या भाचीला तिचीच शिफारस होते.

चेहऱ्यावर काळेपणा का येतो, याबद्दल गेल्या पन्नास-साठ वर्षांत वैद्यकाला बरेच कळले आहे. तरी या विषयातला मुख्य घोळ आपल्याकडे तसाच आहे. डाग कसला आहे हे ठरायच्या आधीच उपचार सुरू होतो, आणि पुष्कळ चेहऱ्यांवर मूळ डागापेक्षा उपचाराने केलेले नुकसान जास्त असते. या आढाव्यात मला मुख्यतः हेच मांडायचे आहे.

आधी रंगाचे कामकाज बघू. त्वचेच्या वरच्या थराच्या तळाशी मेलॅनोसाइट नावाच्या रंगपेशी असतात. टायरोसिनेज या विकराच्या मदतीने त्या मेलॅनिन बनवतात आणि त्याचे बारीक कण आपल्या लांब टोकांमधून आजूबाजूच्या पेशींना पुरवतात. एक रंगपेशी साधारण ३६ पेशींना रंग पुरवते. हे कण पेशीच्या केंद्रकावर छत्री धरल्यासारखे जमतात आणि आतल्या डीएनएचे उन्हापासून रक्षण करतात. गोऱ्या आणि काळ्या माणसात रंगपेशींची संख्या जवळपास सारखीच असते. फरक असतो तो कणांच्या आकारात, प्रकारात आणि मांडणीत. हार्वर्डच्या थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ मध्ये त्वचेचे वर्गीकरण केले, ते उन्हात ती किती भाजते आणि किती रापते यावरून. पुढे सहा प्रकारांपर्यंत गेलेल्या या मापात बहुतेक भारतीय त्वचा चौथ्या-पाचव्या प्रकारात बसते. अशी त्वचा उन्हाने भाजते कमी. पण तिला काहीही झाले, पुरळ उठो, चटका बसो, ओरखडा पडो, तिचे उत्तर एकच असते: जास्त रंग. पुढचे सगळे समजून घ्यायला एवढी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवली तरी पुरे. आपल्या त्वचेची आग करणारा कोणताही उपाय डाग वाढवू शकतो.

दुसरी गोष्ट खोलीची. रंग वरच्या थरात साठला असेल तर डाग तपकिरी दिसतो आणि त्वचेच्या पेशी झडत जातात तसा काही आठवड्यांत-महिन्यांत फिका होतो. रंगाचे कण खालच्या थरात सांडले, तर तिथल्या भक्षकपेशी ते गिळतात आणि महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे सांभाळून ठेवतात. असा डाग राखाडी, निळसर दिसतो. वरून लावलेले मलम तिथवर फारसे पोचत नाही. दोन बायकांचे वांग आरशात सारखे दिसते, पण एकीला तीन महिन्यांत गुण येतो आणि दुसरीला वर्षभरात नाही, याचे एक कारण ही खोली आहे.

आता खुद्द वांग. दोन्ही गालांच्या उंचवट्यावर, कपाळावर, नाकाच्या दांडीवर, वरच्या ओठावर, कधी जबड्याच्या कडेने, दोन्ही बाजूंना बरेचसे सारखे, कडा वेड्यावाकड्या पण स्पष्ट. खाज नाही, आग नाही, खवले नाहीत. सुश्रुताने हा क्षुद्ररोगांत घातला, वेदना नसलेला पातळ सावळा डाग असे त्याचे लक्षण दिले आणि कारण सांगितले क्रोध व श्रम. आजचे वैद्यक कारणांची यादी अशी देते: ऊन, अनुवंश, गरोदरपण, गर्भनिरोधक गोळ्या, काहींत थायरॉइडचे बिघाड, फिट्सवरच्या फेनिटॉइनसारखी काही औषधे. "अंगात उष्णता आहे", "पोट साफ होत नाही", "बाळंतपणात पथ्य पाळलं नाही" ही घराघरांतली निदाने या यादीत नाहीत, आणि त्या शेवटच्या वाक्याने किती बायकांना उगाच अपराधी वाटायला लावले असेल! गरोदरपणात इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन वाढतात, रंगपेशी जास्त जाग्या होतात. यात त्या बाईचे काहीही चुकलेले नसते. पुरुषांनाही वांग होते. दिल्लीत झालेल्या एका पाहणीत वांगाच्या रुग्णांपैकी सुमारे पाचवा हिस्सा पुरुष होते. उन्हात काम करणारे, दुचाकीवर दिवस काढणारे पुरुष "रापलोय" म्हणून सोडून देतात, एवढेच.

पण चेहऱ्यावरचा प्रत्येक काळा भाग म्हणजे वांग नव्हे, आणि खरी गोची इथेच होते.

सगळ्यात जास्त आढळतात ते मुरुमांमागचे डाग. मुरूम फोडला, खाजवला की तिथे दाह होतो आणि दाहामागून रंग येतो. इथे डागाचे औषध म्हणजे मुरुमाचे औषध. नवे मुरूम येत राहिले तर डागांवर काहीही लावून उपयोग नाही. त्या खालोखाल घासण्याचे डाग. मानेच्या, कपाळाच्या काळेपणावर काथ्याने, नायलॉनच्या जाळीने, वजरीने रोज घासणाऱ्या मुली-बायका कमी नाहीत. घासल्याने मळ निघतो, रंग निघत नाही. उलट दर घासण्यागणिक तो दाट होतो.

मानेवर, काखेत आणि कपाळाच्या दोन्ही बाजूंना, कानशिलांवर मखमलीसारखी जाडसर काळी त्वचा दिसली, तर ती वेगळी सूचना आहे. याला अकॅन्थोसिस निग्रिकन्स म्हणतात आणि बहुतेक वेळा त्यामागे इन्सुलिनला शरीराने दिलेला अपुरा प्रतिसाद असतो. वजन वाढलेले, पाळी अनियमित, घरात मधुमेह, आणि मान काळी. अशा मुलीला आई "नीट अंघोळ करत नाहीस" म्हणून बोलते. तिला मलम नको, साखरेची तपासणी हवी. वजन आणि इन्सुलिन ताब्यात आले की मान हळूहळू उजळते. चेहऱ्यावरचा काळेपणा आतल्या आजाराची इतकी सरळ खबर देतो, तेव्हा त्यावर उजळवणारे क्रीम लावून ती खबर झाकणे मला फार घातक वाटते.

कुंकवाचे डाग हा आपल्याकडच्या त्वचारोगाच्या पुस्तकांतला स्वतंत्र धडा आहे. हळदीला क्षार लावून केलेले कुंकू मागे पडले आणि बाजारात स्वस्त रंग घातलेली पूड, द्रव कुंकू आले. सुदान १ किंवा ब्रिलियंट लेक रेड अशा रंगांची काही जणींना अॅलर्जी होते. खाज आणि लाली नावापुरती येते, पण कपाळाच्या मध्यावर राखाडी-काळा डाग उमटतो आणि खालच्या थरात बसतो. टिकलीचे उलटे. टिकलीच्या डिंकात पॅराटर्शरी ब्युटिल फिनॉल असेल तर तिथे पांढरा डाग पडतो. केसांच्या काळ्या डायमधल्या पीपीडी या रसायनाने कपाळाच्या, कानशिलांच्या कडेने असाच काळसर पट्टा येऊ शकतो. "डाय तर मी वीस वर्षं लावतेय" हा त्यावरचा नेहमीचा युक्तिवाद, पण अॅलर्जी विसाव्या वर्षीही सुरू होऊ शकते. चेहऱ्याच्या कडेने, मानेवर राखाडी छटा पसरत गेली तर लायकेन प्लानस पिगमेंटोसस हाही एक विकार मनात धरावा लागतो. दिल्लीच्या भूतानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये त्याचे वर्णन केले. सुवासिक तेले, मोहरीचे तेल, डाय यांच्याशी त्याचा संबंध सांगितला गेला आहे. अशा रुग्णाला वांग समजून सोलणारी औषधे दिली, तर डाग आणखी खोल जातो.

चिकुनगुन्याने महाराष्ट्राला एक डाग नव्याने ओळखीचा करून दिला. ताप उतरून दोन-तीन आठवडे झाले की नाकाच्या शेंड्यावर आणि पुड्यांवर काळपटपणा येतो. २००६ च्या साथीनंतर भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनी त्याची नोंद केली, २०२४ मध्ये पुण्यातल्या साथीतही तो पुष्कळ रुग्णांवर दिसला. सांध्यांच्या दुखण्याने बेजार झालेल्या माणसाला नाक काळे पडल्यावर धास्ती वाटते. हा डाग आपोआप, काही महिन्यांत जातो. उन्हापासून जपणे आणि साधे मॉइश्चरायझर एवढेच पुरते.

डोळ्यांखालच्या काळ्या वर्तुळांबद्दल थोडक्यातच सांगतो. त्यात रंग असतो, पातळ त्वचेतून दिसणाऱ्या शिरा असतात, हाडाच्या खोबणीची सावली असते, आणि सर्दी-अॅलर्जीत डोळे चोळण्याची सवय असते. आरशासमोर त्वचा हलकेच ताणून बघितली की सावली नाहीशी होते, रंग राहतो. जागरणाला सगळा दोष देण्यात अर्थ नाही. कित्येकांना हे आजोळहून आलेले असते.

हे सगळे बारकावे घरी ओळखू येतील असे नाही. पण त्वचारोगतज्ज्ञ पाच-दहा मिनिटांत बरेच सांगू शकतो. भिंग लावलेला डर्मोस्कोप, वूड्स लॅम्पचा जांभळा प्रकाश, गरज पडली तर पाठीवर पट्ट्या लावून केलेली अॅलर्जीची चाचणी, क्वचित त्वचेचा तुकडा. आणि सगळ्यात मोठी तपासणी म्हणजे प्रश्न: कधीपासून, कुठून सुरू झाला, आजवर काय काय लावले.

वांगात पहिला आणि शेवटपर्यंत चालणारा उपचार प्रकाशापासून बचाव हाच आहे. मोरोक्कोत २००७ मध्ये गरोदर बायकांना सर्व प्रकारच्या अतिनील किरणांना अडवणारे एसपीएफ ५०चे सनस्क्रीन दिवसातून अनेकदा लावायला दिले. जेमतेम ३ टक्के जणींना नव्याने वांग आले. त्याच भागातल्या आधीच्या पाहणीत हे प्रमाण ५० टक्क्यांच्या वर होते. ही तुलना आधीच्या पाहणीशी आहे, दोन गट शेजारी ठेवून केलेली नाही, तरी फरक एवढा मोठा आहे की दुर्लक्ष करता येत नाही.

मात्र सनस्क्रीन म्हणजे काय अडवते, हे कळायला हवे. डब्यावरचा एसपीएफ मुख्यतः त्वचा भाजणाऱ्या यूव्हीबी किरणांबद्दल सांगतो. पीए आणि त्यापुढच्या अधिकच्या खुणा यूव्हीएबद्दल सांगतात. यूव्हीए खिडकीच्या साध्या काचेतून आत येते. म्हणून खिडकीशेजारी टेबल असलेल्या कारकुनाला, एसटीत कायम एकाच बाजूला बसणाऱ्या माणसाला घरात-गाडीत असल्याचा दिलासा अपुरा पडतो. याखेरीज एक तिसरा घटक गेल्या पंधरा-सोळा वर्षांत पुढे आला: डोळ्यांना दिसणारा साधा प्रकाश. डेट्रॉइटच्या हेन्री फोर्ड रुग्णालयातल्या संशोधकांनी २०१० मध्ये दाखवले की सावळ्या त्वचेवर दृश्य प्रकाशाने पडणारा काळेपणा यूव्हीएने पडणाऱ्या काळेपणापेक्षा गडद असतो आणि जास्त टिकतो. गोऱ्या त्वचेवर तो उमटलाच नाही. २०१८ मध्ये फ्रान्समधल्या गटाने शोधले की रंगपेशीत ऑप्सिन-३ नावाचे प्रथिन असते आणि निळा प्रकाश ते टिपते. म्हणजे गोऱ्या कातडीसाठी तयार झालेले पांढरे किंवा पारदर्शक सनस्क्रीन आपल्या वांगाला अर्धेच संरक्षण देते. दृश्य प्रकाश अडवायला लागते आयर्न ऑक्साइड, म्हणजे त्वचेच्या रंगाची छटा असलेले, टिंटेड सनस्क्रीन. मेक्सिकोतल्या २०१४ च्या चाचणीत हायड्रोक्विनोनसोबत असे सनस्क्रीन लावणाऱ्यांना साध्या सनस्क्रीनपेक्षा जास्त गुण आला. हे ज्ञान दुकानाच्या काउंटरपर्यंत अजून पोचलेले नाही, आणि ते पोचावे असे मला मनापासून वाटते. मोबाइलच्या पडद्याची धास्ती मात्र सोडून द्या. उन्हाच्या मानाने त्याचा निळा प्रकाश नगण्य आहे.

लावायचे किती? तर्जनी आणि मधले बोट यांच्या पूर्ण लांबीवर काढलेल्या दोन रेघा, एवढे चेहरा आणि मान यांना लागते. बहुतेक जण वाटाण्याएवढे लावतात आणि डब्यावरच्या आकड्याचा थोडाच भाग पदरात पडतो. बाहेर असाल तर दर दोन-तीन तासांनी पुन्हा. पुण्याच्या दुचाकीवरच्या मुलींचा स्कार्फ या बाबतीत चांगला. जाड विणीचे, गडद सुती कापड, रुंद कडेची टोपी, छत्री यांचे काम कुठल्याही क्रीमपेक्षा भरवशाचे असते आणि ते घामाने उतरत नाही. शेतात निंदणी-खुरपणीला वाकणाऱ्या बाईला दर दोन तासांनी पाचशे रुपयांची नळी वापरायला सांगणे हा तिचा अपमान आहे. तिला पदर कपाळावर पुढे ओढून घेणे, वर टोपी, दुपारी अकरा ते तीन सावलीचे काम आणि सकाळी एकदा भरपूर सनस्क्रीन, असे जमेल तेवढे सांगायला हवे. चुलीच्या धगीसमोर बसणाऱ्या बायकांनाही त्रास होतो. तिथे धूर काढून टाकणे आणि चुलीपासून अंतर ठेवणे यांचा उपयोग होतो.

आता औषधे. हायड्रोक्विनोनची कहाणी रबरी हातमोज्यांपासून सांगता येते. १९३०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या एका चामड्याच्या कारखान्यात हातमोजे घालणाऱ्या कृष्णवर्णीय कामगारांचे हात पांढरे पडू लागले. मोज्याचे रबर टिकावे म्हणून घातलेल्या मोनोबेन्झिल ईथर या रसायनाने त्यांच्या रंगपेशी मारल्या होत्या. ते रसायन हायड्रोक्विनोनचेच नातलग. हायड्रोक्विनोन स्वतः त्या मानाने सौम्य आहे: ते टायरोसिनेजला अडवते आणि औषध थांबवले की रंग परत येतो. २ ते ४ टक्क्यांचे हायड्रोक्विनोन आजही वांगावरचे सर्वांत तपासलेले औषध आहे. पण १९७५ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून फिंडले यांनी कळवले की उजळ होण्यासाठी वर्षानुवर्षे तीव्र हायड्रोक्विनोन लावणाऱ्या काळ्या बायकांच्या गालांवर निळसर-काळे, खरखरीत डाग पडत आहेत. हा ओक्रोनोसिस. एकदा झाला की जवळपास जातच नाही. दक्षिण आफ्रिकेने १९९० मध्ये ते सौंदर्यप्रसाधनांतून काढून टाकले, युरोपने २००१ मध्ये, अमेरिकेने २०२० मध्ये चिठ्ठीविना विक्री बंद केली. तेव्हा औषध चांगले आहे, पण तीन-चार महिने लावून मग सुट्टी, हा नियम पाळला तरच.

१९७५ मध्येच फिलाडेल्फियाच्या अल्बर्ट क्लिगमन आणि विलिस यांनी तीन औषधांची मोट बांधली: ५ टक्के हायड्रोक्विनोन, ०.१ टक्का ट्रेटिनॉइन आणि ०.१ टक्का डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड. ट्रेटिनॉइन पेशींची झड वाढवते आणि हायड्रोक्विनोनला आत शिरू देते, स्टिरॉइड या दोघांनी होणारी आग शमवते. २००२ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या आवृत्तीत स्टिरॉइड सौम्य, फ्लुओसिनोलोन ०.०१ टक्का, आणि मुदत आठ आठवड्यांची. आपल्या बाजारात खपली ती वेगळीच चीज: हायड्रोक्विनोन २ टक्के, ट्रेटिनॉइन ०.०२५ टक्के आणि मोमेटासोन ०.१ टक्का. हे मोमेटासोन फ्लुओसिनोलोनपेक्षा बरेच ताकदवान आणि मुदत कोणी सांगत नाही. सुरुवातीच्या संवादातली ट्यूब बहुधा हीच असते.

स्टिरॉइड आठ दिवसांत चेहरा गोरा, गुळगुळीत करते. मग काय होते ते बघा. दोन-तीन महिन्यांनी त्वचा पातळ होते, गालांवर तांबड्या शिरा उमटतात, ऊन लागताच आग होते. हनुवटीवर आणि तोंडाभोवती बारीक पुटकुळ्या येतात, गालांवर नको तिथे लव वाढते. घाबरून ट्यूब बंद केली की दोन दिवसांत चेहरा लालभडक होऊन सुजतो, जुना डाग दुपटीने काळा वर येतो. पुन्हा ट्यूब लावली की शांत. बाईला वाटते, हे औषध मला लागूच आहे. भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनी याला चेहऱ्याचे स्टिरॉइड-अवलंबन असे नाव दिले आणि देशभरातल्या १२ केंद्रांत पाहणी केली. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत चेहऱ्याच्या तक्रारीसाठी आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण स्टिरॉइड मलमे वापरत होते. निम्म्याहून अधिकांना ती डॉक्टरांनी सांगितलेली नव्हती; दुकानदार, शेजारी, पार्लर यांनी दिली होती. कित्येक जण तर ते गोरे होण्याचे साधे क्रीम म्हणूनच लावत होते. तज्ज्ञांच्या संघटनेने हा प्रश्न न्यायालयापर्यंत नेला. २०१८ मध्ये केंद्र सरकारने १४ स्टिरॉइडची मलमे शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत असे ठरले. कागदावर हे मोठे पाऊल आहे. प्रत्यक्षात चिठ्ठी न मागणारी दुकाने आजही सापडतात. ट्यूबच्या डब्यावर बारीक अक्षरांत मोमेटासोन, बीटामेथासोन, क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन यांपैकी काही लिहिले असेल, तर ते चेहऱ्यावर डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि ठरलेल्या मुदतीतच. वर्षानुवर्षे लावणाऱ्यांनी ते एकदम फेकू नये. डॉक्टर सौम्य औषधावर आणत आणत सोडवतात, आणि पहिले काही आठवडे अवघड जातील हे आधी सांगतात.

याहून वाईट ती नाव-गाव नसलेली क्रीमे. पारा टायरोसिनेजला अडवतो, म्हणून तो स्वस्तात गोरेपण देतो. आणि त्वचेतून रक्तात, तिथून मूत्रपिंडात जातो. अकोल्यातली एक तरुण विद्यार्थिनी, तिची आई आणि बहीण, तिघींची मूत्रपिंडे बिघडली. तिघी पार्लरमधून आणलेले एकच क्रीम लावत होत्या. मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपासल्यावर त्या क्रीमच्या डबीत पारा सापडला. केरळमध्ये मलप्पुरम जिल्ह्यातल्या डॉक्टरांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळात मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराचे २२ रुग्ण तपासले. त्यातल्या १५ जणांत नेल-१ नावाचा दुर्मीळ प्रकार निघाला आणि त्या १५ पैकी १३ जण उजळवणारी क्रीमे लावत होते. सौंदर्यप्रसाधनात पाऱ्याची मर्यादा दहा लाख भागांत एक भाग. ज्या डबीवर घटक, उत्पादकाचा पत्ता, परवाना क्रमांक नाही, ती चेहऱ्याला लावू नये. पायावर सूज, लघवीला फेस असेल तर त्वचेच्या आधी मूत्रपिंडाची तपासणी.

सौम्य औषधांची फळी आता बरीच मोठी झाली आहे. शिबं उठतात तिथली त्वचा फिकी का पडते याचा शोध घेताना रोममधल्या संशोधकांच्या हाती अॅझेलेइक अॅसिड लागले. १५ ते २० टक्क्यांचे हे मलम मुरूम आणि डाग दोन्हींवर चालते आणि गरोदरपणातही सुरक्षित मानतात. कोजिक अॅसिड जपानमधल्या आंबवण्याच्या बुरशीतून आले. नायसिनामाइड रंगाचे कण शेजारच्या पेशीत जायला अडवते. यांचा गुण हळू येतो, पण स्टिरॉइडचा धोका नसतो. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन यांपासून लांबच राहावे. बाळंतपणानंतर काही महिन्यांत वांग पुष्कळदा आपसूक फिके होते, तोवर ऊन टाळणे आणि थांबणे हाच उपचार.

ट्रानेक्झामिक अॅसिड ही गेल्या काही वर्षांतली सगळ्यात महत्त्वाची भर. १९६० च्या दशकात जपानच्या उताको आणि शोसुके ओकामोतो या दांपत्याने हे रक्तस्राव थांबवणारे औषध शोधले. बाळंतपणातल्या रक्तस्रावात ते आजही जीव वाचवते. १९७९ मध्ये जपानमध्येच एका रुग्णाचे वांग त्याने फिके झाल्याचे दिसले. आता २५० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा, काही महिने, असा वापर होतो आणि हट्टी वांगात गुण चांगला येतो. पण रक्ताची गुठळी होण्याचा इतिहास, गर्भनिरोधक गोळ्या, धूम्रपान, पक्षाघात असेल तर ती नको. मैत्रिणीने सांगितली म्हणून आणून खाण्याची ही गोळी नव्हे.

ग्लायकॉलिक किंवा सॅलिसिलिक अॅसिडच्या पीलने काहींना मदत होते. पार्लरमध्ये अंदाजाने केलेल्या पीलने मात्र चेहरा भाजल्याची उदाहरणे आहेत. लेझरबद्दल सावध राहावे. ओटाच्या जन्मखुणेसारख्या खोल डागांवर त्याचा उपयोग निर्विवाद आहे, पण वांगावर लेझरचा परिणाम काही महिन्यांत उतरतो, आणि वारंवार केलेल्या सेशननी तांदळाएवढे पांढरे ठिपके पडू शकतात. चार-पाच हजारांच्या दहा-दहा सेशनचे पॅकेज वांगावरचा पहिला उपाय म्हणून कोणी विकत असेल, तर दुसरे मत घ्यावे. ग्लुटाथायोनच्या इंजेक्शनांना त्वचा उजळवण्यासाठी मान्यता नाही. फिलिपिन्सच्या औषध प्रशासनाने त्याविरुद्ध जाहीर इशारे दिले आहेत. घरच्या उपायांत मसूरडाळ, दूध, बेसन यांनी नुकसान फारसे नाही. लिंबू मात्र चेहऱ्यावर चोळू नये. त्याची आम्लता त्वचा भाजते, आणि सालीतल्या घटकांवर ऊन पडले की तिथे भाजल्यासारखा डाग उमटतो. लग्नाच्या आदल्या आठवड्यातले ब्लीचही असेच.

इथे एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. डाग आणि रंग ही दोन वेगळी प्रकरणे आहेत. फेअर अँड लव्हली १९७५ मध्ये बाजारात आले, २०२० मध्ये त्याने नाव बदलून ग्लो अँड लव्हली केले. मधल्या ४५ वर्षांत घराघरांत हे ठसले की उजळणे म्हणजेच बरे होणे. डॉक्टरचे काम डाग आजूबाजूच्या त्वचेच्या रंगाला आणून मिळवणे एवढेच आहे. सावळ्या मुलीचा डाग गेल्यावर ती सावळीच राहणार, आणि उपचार तिथे यशस्वी झालेला असतो. त्यापुढे जाऊन "आणखी थोडं उजळू दे" म्हणून औषध चालू ठेवले की ओक्रोनोसिस आणि स्टिरॉइडचा फेरा सुरू होतो. डाग जाईल, मूळ रंग तोच राहील, हे वाक्य रुग्णाला, आणि तिच्यासोबत आलेल्या सासूला किंवा आईला, पहिल्याच भेटीत ऐकायला मिळाले पाहिजे.

डॉक्टरांकडे जाताना घरातल्या सगळ्या ट्यूबा, डब्या, तेलाच्या बाटल्या, कुंकू, डायचे पाकीट पिशवीत घालून न्यावे; लाजून एखादी मागे ठेवू नये, बहुधा तीच महत्त्वाची असते. खिडकीजवळ, एकाच उजेडात महिन्यातून एकदा फोटो काढावा, कारण रोज आरशात बघून फरक कळत नाही. गुण दिसायला आठ ते बारा आठवडे धरून चालावेत. त्याआधी डॉक्टर बदलू नये. आणि डाग फिका झाल्यावरही हायड्रोक्विनोनच्या जागी अॅझेलेइक अॅसिडसारखे सौम्य काहीतरी आठवड्यातून काही रात्री चालू ठेवावे लागते, कारण वांगाची प्रवृत्ती रंगपेशींत राहतेच. आपल्याकडे ते मार्च-एप्रिलच्या उन्हात परत डोके काढते. तेव्हा फेब्रुवारीतच डॉक्टरांची एक भेट ठरवावी आणि सनस्क्रीन पावसाळ्यात ढगांकडे बघून बंद केले असेल, तर ते त्याआधीच पुन्हा सुरू करावे.